लेओगानचा भूकंप, चर्च आणि रुग्णाची भाषा

१

मोठ्या भूकंपानंतर जे वैद्यकीय साहाय्य धावून येते, त्याचा इतिहास लिहिताना सामान्यतः आकड्यांचा आश्रय घेतला जातो. किती विमाने उतरली, किती शस्त्रवैद्य आले, किती खाटांची इस्पितळे तंबूंत उभी राहिली, यांचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु त्यातून एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्या माणसाला बाहेरची मदत पोहोचण्यापूर्वी कोणी हात लावला, आणि तो जे सांगत होता ते कोणाला कळले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की अभ्यासकाला भूकंपाच्या दिवसापासून मागे जावे लागते. काही बाबतीत तर शंभर-दीडशे वर्षे मागे जावे लागते. हैती देशातील २०१० च्या भूकंपाच्या आधारे हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१२ जानेवारी २०१० रोजी, तेथील वेळेप्रमाणे सायंकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी, हैतीत ७.० परिमाणाचा भूकंप झाला. त्याचे केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, लेओगान या गावाजवळ होते, आणि ते जमिनीखाली अवघे १३ किलोमीटर खोल होते. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. हैती सरकारने तो प्रथम दोन लाखांच्या वर आणि नंतर ३ लाख १६ हजार असा सांगितला. इतर अभ्यासकांचे अंदाज त्याहून बरेच कमी आहेत. बेघर झालेल्यांची संख्या सुमारे १५ लाख होती. लेओगानमधील ८० ते ९० टक्के इमारती पडल्या किंवा निकामी झाल्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता.

या भूकंपाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावयास हवे. ज्यांनी मदत करावयाची त्यांच्यावरच तो प्रथम कोसळला. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, बहुतेक मंत्रालये आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मुख्यालय पडले. राजधानीतील सरकारी परिचारिका विद्यालय कोसळून त्याखाली अनेक विद्यार्थिनी दगावल्या. कॅथलिक कॅथिड्रल जमीनदोस्त झाले आणि आर्चबिशप जोसेफ सेर्ज मिओ मृत्यू पावले. एपिस्कोपल पंथाचे होली ट्रिनिटी कॅथिड्रलही पडले. १९५०-५१ च्या सुमारास हैतीच्या चित्रकारांनी त्याच्या भिंतींवर काढलेल्या चौदा प्रसिद्ध भित्तिचित्रांपैकी फक्त तीन वाचली. या पंथाचे बिशप झाँ झाशे द्युरासँ यांचे घर पडले, आणि तेही एका शाळेच्या मैदानावर हजारो निराश्रितांसह राहू लागले. तेव्हा चर्चने भूकंपग्रस्तांना मदत केली, असे जे आपण म्हणतो, ते येथे पुरेसे अचूक नाही. चर्च स्वतःच भूकंपग्रस्त होते.

२

हैतीतील एपिस्कोपल चर्चचा उगम साहाय्याच्या नव्हे, स्थलांतराच्या इतिहासात आहे. जेम्स थिओडोर हॉली हे वॉशिंग्टन येथे १८२९ साली स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेले धर्मगुरू. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेले राष्ट्र म्हणून त्यांना हैतीचे आकर्षण होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना सन्मानाने जगता येणार नाही, अशी खात्री झाल्यावर १८६१ साली सुमारे ११० स्त्री-पुरुषांसह ते हैतीस जाऊन राहिले. पहिल्या वर्षातच साथीच्या तापांनी त्यांची आई, पत्नी, दोन मुले आणि अनेक सहकारी गेले. हॉली परतले नाहीत. १८७४ साली त्यांना बिशपपद मिळाले आणि १९११ साली हैतीतच त्यांचा अंत झाला.

बहुसंख्य लोक कॅथलिक असलेल्या या देशात हे चर्च अल्पसंख्यच राहिले. राज्यसत्तेशी १८६० साली झालेल्या करारामुळे कॅथलिक चर्चला जे स्थान लाभले, ते त्याला कधी मिळाले नाही. कदाचित त्यामुळेच शाळा आणि दवाखाने यांकडे त्याने अधिक लक्ष पुरविले. राजधानीत १९४५ साली सेंट मार्गारेट संघाच्या एका धर्मभगिनीने अपंग मुलांसाठी सेंट व्हिन्सेंट केंद्र स्थापिले. लेओगान येथे 'ओपिताल सँत क्रुआ', म्हणजे पवित्र क्रूसाचे रुग्णालय, उभे राहिले. त्यास अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चचे आणि त्याच्याशी संबंधित मेडिकल बेनेव्होलन्स फाउंडेशनचे दीर्घकाळ साहाय्य होते. हत्तीरोगाच्या निर्मूलनाचे जे संशोधन नोत्र दाम विद्यापीठाने १९९० च्या दशकात लेओगानमध्ये आरंभिले, त्याचे केंद्रही हेच रुग्णालय होते.

याच गावात जानेवारी २००५ मध्ये हैतीच्या एपिस्कोपल विद्यापीठाचे परिचारिका महाविद्यालय सुरू झाले. परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम हैतीत प्रथम येथेच शिकविला जाऊ लागला. त्याच्या प्रमुख हिल्डा अल्सिंदोर या हैतीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत दीर्घकाळ परिचारिका म्हणून काम करून मायदेशी परतलेल्या.

या चित्रात एक उणी बाजूही आहे, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. पैशाच्या टंचाईमुळे सँत क्रुआ रुग्णालयाचे बरेचसे काम भूकंपापूर्वीच थांबलेले होते. परदेशी दात्यांच्या आधारावर चालणाऱ्या संस्थेची ही नित्याची व्यथा होय. इमारत बांधून देणारे पुष्कळ भेटतात. त्या इमारतीतील परिचारिकेचा दहाव्या वर्षीचा पगार देणारा क्वचितच भेटतो.

३

भूकंपाच्या संध्याकाळी लेओगानमध्ये जी थोडी पक्की बांधकामे उभी राहिली, त्यांत परिचारिका महाविद्यालयाची इमारत होती. धक्के चालूच असल्यामुळे आत जाण्याचे धाडस कोणी करीना. म्हणून जखमींना आवारात, उघड्यावर, नंतर ताडपत्र्यांखाली ठेवण्यात आले. अल्सिंदोर आणि त्यांच्या विद्यार्थिनी यांनी त्याच संध्याकाळी काम सुरू केले. चिरडलेले हातपाय, उघडे अस्थिभंग, डोक्याच्या जखमा, आणि या सर्वांच्या जोडीस प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रिया, असे ते रुग्ण होते. जगाचे लक्ष राजधानीकडे होते. केंद्राच्या सर्वांत जवळ असूनही लेओगानला मदत काही दिवस उशिरा पोहोचली. ती पोहोचली तेव्हा परदेशी पथकांना हे आवार आयते मिळाले. जपानचे वैद्यकीय पथक तेथेच काम करू लागले. 'सीमांविना डॉक्टर' या संघटनेनेही लेओगानमध्ये तात्पुरते रुग्णालय उभारले आणि ते पुढे काही वर्षे चालविले.

येथे विद्यार्थिनींचे कार्य नेमके कोणते होते, हे पाहणे उद्बोधक आहे. अवघड शस्त्रक्रिया त्यांनी केल्या नाहीत. त्यांना त्या करताही आल्या नसत्या. त्यांनी जखमा धुतल्या, रक्तस्राव थांबविला, मोडलेले हाड फळकुटाने बांधले, आणि कोणाला आधी पाहावयाचे व कोणाला थांबवावयाचे हे ठरविले. ही निवड करण्यास शारीरविज्ञानाचे ज्ञान लागते, तसेच रुग्णाशी बोलणेही लागते. कोणत्या वस्तीतून आलास, किती वेळ दबलेला होतास, लघवी झाली का, हे विचारावे लागते. चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळली म्हणजे मूत्रपिंड निकामी होते. तेव्हा शेवटचा प्रश्न जीवनमरणाचा असतो, आणि तो रुग्णाच्या बोलीत विचारला तरच उपयोगी पडतो.

दुसरे उदाहरण मध्य पठारावरील काँझ या खेड्याचे आहे. १९५६ साली पूर्ण झालेल्या पेलिग्र धरणाने विस्थापित झालेले शेतकरी येथील उजाड टेकड्यांवर येऊन राहिले होते. त्यांच्यामध्ये फ्रिट्झ लाफाँताँ या एपिस्कोपल धर्मगुरूंनी प्रथम शाळा काढली. अमेरिकेतील अपर साउथ कॅरोलायना धर्मप्रांताच्या साहाय्याने गावात पिण्याचे पाणी आले. १९८० च्या दशकात पॉल फार्मर हे तरुण अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी येथे आले आणि लाफाँताँ यांच्या आधाराने 'झान्मी लासान्ते' या संस्थेचा पाया घातला गेला. १९८७ साली बॉस्टन येथे स्थापन झालेली 'पार्टनर्स इन हेल्थ' ही तिची भगिनीसंस्था. २०१० च्या भूकंपात काँझ सुरक्षित राहिले, आणि राजधानीतून मिळेल त्या वाहनाने रुग्ण तेथे येऊ लागले. रुग्णालयातील जागा संपली तेव्हा गावच्या चर्चमध्ये गाद्या अंथरून त्याचाच कक्ष करण्यात आला.

चर्चचा कक्ष होतो, ही घटना प्रतीक म्हणून मोहक आहे. परंतु तिचे महत्त्व व्यावहारिक आहे. त्या इमारतीपासून काही पावलांवर पंचवीस वर्षांत घडविलेले हैतीयन डॉक्टर, परिचारिका आणि खेडोपाडी फिरणारे आरोग्यसेवक होते. तसे नसते, तर गाद्या अंथरलेले चर्च हा नुसता निवारा ठरला असता.

४

'झान्मी लासान्ते' हे नावच भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहण्याजोगे आहे. फ्रेंचमध्ये 'आमी' म्हणजे मित्र. अनेकवचनी उपपद 'ले' त्यापूर्वी आले, की संधीमुळे 'लेझामी' असा उच्चार होतो. क्रिओल भाषेने उपपद टाकून दिले, पण संधीतला 'झ' ठेवून घेतला; म्हणून 'झान्मी'. 'लासान्ते' या शब्दात तर फ्रेंचचे स्त्रीलिंगी उपपद 'ला' शब्दाशी कायमचे जुळून गेले आहे. 'लोपिटाल' म्हणजे रुग्णालय, 'लेग्लिझ' म्हणजे चर्च, 'द्लो' म्हणजे पाणी, हे शब्द याच रीतीने बनले. मळ्यांतील गुलामांनी मालकांची भाषा कानांनी उचलली. तिचे लिखित रूप त्यांना कोणी दाखविले नव्हते. तिच्यातून त्यांनी स्वतःचे व्याकरण असलेली एक स्वतंत्र भाषा घडविली. सुझान कोमेर-सिल्व्हें या हैतीयन विदुषीने १९३६ साली तिच्या रूपविचाराचा आणि वाक्यरचनेचा शास्त्रशुद्ध अभ्यास प्रसिद्ध केला.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली 'डायग्लोसिया' ही संकल्पना मांडली, तेव्हा अरबी, ग्रीक आणि स्विस जर्मन यांच्यासह हैतीचे उदाहरण घेतले होते. एकाच समाजात भाषेची दोन रूपे, एक प्रतिष्ठेचे व एक घरगुती, आपापली क्षेत्रे वाटून घेऊन नांदतात, असा त्यांचा सिद्धान्त. इव्ह देजाँ या हैतीयन भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ साली त्यावर आक्षेप घेतला. हैतीची बहुसंख्य प्रजा फ्रेंच जाणतच नाही. तेव्हा ती दोन रूपांत वावरते असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. भूकंपाने या वादाचा निकाल देजाँ यांच्या बाजूने दिला, असे म्हणावयास हरकत नाही. जखमींच्या रांगेत भाषेची क्षेत्रे वाटलेली नव्हती. तेथे जवळजवळ प्रत्येकाजवळ एकच भाषा होती, आणि ती क्रिओल होती.

परदेशी वैद्यांना ती येत नव्हती. फ्रेंच जाणणाऱ्यास ती अर्धीमुर्धी कळल्यासारखी वाटते, आणि हा अर्धवट समज अज्ञानाहून अधिक घातक ठरू शकतो. क्रिओलमध्ये 'लेस्तोमाक' हा शब्द फ्रेंचमधील पोटाच्या शब्दापासून आला. पण त्याचा अर्थ छाती असा आहे, आणि पोटाला 'वाँत' म्हणतात. रुग्ण छातीत दुखते असे सांगत असता वैद्याने पोट तपासावे, असा हा प्रसंग. 'के' म्हणजे हृदय. परंतु 'हृदय भरून येते' किंवा 'हृदय उलटते' अशा अर्थाचे शब्दप्रयोग हैतीचा माणूस मळमळीसाठी वापरतो. 'सेझिस्मां' हा तर एक स्वतंत्र विकारच मानला जातो; अकस्मात धक्क्याने रक्त बिघडते आणि शरीर आजारी पडते, अशी त्यामागील समजूत आहे. मराठी रुग्ण 'जीव वरखाली होतो' किंवा 'पोटात खड्डा पडला' असे म्हणतो, तेव्हा ते शब्दशः घेणाऱ्या वैद्याची जी गत होईल, तीच येथे हजारो पटींनी झाली असती.

ही अडचण परकीय पथकांनाही लवकरच जाणवली. अमेरिकेच्या नौदलाचे 'कम्फर्ट' हे रुग्णालय-जहाज २० जानेवारीस हैतीच्या किनाऱ्याशी आले. शस्त्रक्रियेची उत्तम सामग्री त्यावर होती. पण क्रिओल बोलणारे दुभाषे बाहेरून मिळवावे लागले. अमेरिकेत स्थायिक झालेले हैतीयन लोक रेड क्रॉसच्या द्वारे या कामासाठी पुढे आले. याउलट क्यूबाचे वैद्यकीय पथक १९९८ च्या जॉर्ज चक्रीवादळापासून हैतीत राहत आले होते. भूकंप झाला तेव्हा त्यांचे शेकडो लोक देशातच होते आणि रुग्णाशी बोलू शकत होते. क्यूबाचे पथक कोणत्याही चर्चचे नव्हते. तेव्हा प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन धर्मश्रद्धेविषयीचे नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ते राहण्याविषयीचे आहे. जो राहिला त्याला भाषा आली. ज्याला भाषा आली त्याची वैद्यकी पहिल्या दिवशी कामी आली.

५

परंतु भाषा बोलता येणे ही एक गोष्ट, आणि ती लिहिता येणे ही दुसरी. औषधाची चिठ्ठी, आरोग्याचे पत्रक, साहाय्याची हाक, या सर्वांना लिखित भाषा लागते. क्रिओलला ती कोठून मिळाली, हे पाहू लागले की पुन्हा चर्चपाशीच यावे लागते.

क्रिओलमध्ये पूर्वी काहीच लिहिले गेले नव्हते, असे नाही. जॉर्ज सिल्व्हें यांनी १९०१ साली ला फाँतेनच्या नीतिकथा क्रिओलमध्ये आणल्या होत्या; वर उल्लेखिलेल्या विदुषी त्यांच्याच कन्या. परंतु हे लेखन फ्रेंच वर्णलेखनाच्या धर्तीवर होते, आणि ज्याला फ्रेंच येत नाही त्याला ते वाचता येत नव्हते. १९४० च्या सुमारास ऑर्मंड मॅकॉनेल या आयरिश मेथडिस्ट धर्मगुरूंनी उच्चारानुसारी लेखनपद्धती तयार केली. एका ध्वनीस एक चिन्ह, हे तिचे तत्त्व. फ्रँक लॉबाख यांनी तिच्या रचनेस आणि साक्षरतेच्या प्रसारास हातभार लावला. हे लॉबाख भारतासही अपरिचित नव्हते. फिलिपीन्समध्ये बसविलेली प्रौढ साक्षरतेची पद्धत घेऊन ते १९३० च्या दशकात भारतात आले होते, आणि भारताच्या साक्षरतेवरील त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. ज्या काळात आपल्याकडे प्रौढशिक्षणाचे वर्ग निघत होते, त्याच काळात त्याच मिशनऱ्याच्या साहाय्याने हैतीचा शेतकरी आपली भाषा प्रथम वाचू लागला.

या लेखनपद्धतीस कडाडून विरोध झाला. 'क', 'व' आणि 'य' या ध्वनींसाठी घेतलेली रोमन अक्षरे फ्रेंच वळणाची नसून इंग्रजी वळणाची आहेत. त्यांच्या आडून अमेरिकन वर्चस्व आणि प्रॉटेस्टंट पंथ हे दोन्ही शिरकाव करतील, असे टीकाकारांचे म्हणणे होते. अमेरिकन सैन्याचा १९१५ ते १९३४ हा ताबा तेव्हा ताजा होता. त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नाही. हैतीचे लेखक शार्ल-फर्नां प्रेस्वार यांनी १९४७ च्या सुमारास फ्रेंचशी अधिक जुळणारी सुधारित पद्धती पुढे आणली. वाद तीन दशके चालला. १९७९-८० साली शासनाने जी अधिकृत पद्धती स्वीकारली, तीत प्रेस्वार यांच्या काही सुधारणा आहेत, आणि ती तीन वादग्रस्त अक्षरेही आहेत.

दरम्यान कॅथलिक चर्चची भूमिकाही बदलली. १९४१-४२ साली याच चर्चने वोडू पंथाविरुद्ध मोहीम काढून लोकांची देवस्थाने उद्ध्वस्त केली होती. त्या चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या उपासनेत लोकांची भाषा आणि लोकांचे ढोल यांना प्रवेश दिला. 'बोन नूव्हेल' हे क्रिओल नियतकालिक १९६७ साली निघाले. १९७८ साली 'रादिओ सोलेय' हे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि १९८६ साली दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही संपविण्यात त्याच्या क्रिओल प्रक्षेपणांचा मोठा वाटा होता. १९८५ साली संपूर्ण बायबल क्रिओलमध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ च्या राज्यघटनेने क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला.

६

या दीर्घ इतिहासाचे फळ २०१० च्या जानेवारीत अनपेक्षित रीतीने दिसले. भूकंपानंतर काही दिवसांतच ४६३६ हा क्रमांक जाहीर झाला. त्यावर कोणीही भ्रमणध्वनीवरून विनामूल्य संदेश पाठवावा, अशी सोय होती. संदेश येऊ लागले ते बहुतांशी क्रिओलमध्ये. कोणी ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांचा पत्ता देत होते. कोणाला पाणी हवे होते, कोणाला डॉक्टर. परदेशी मदतपथकांना हे संदेश वाचता येत नव्हते. तेव्हा जगभर विखुरलेल्या हैतीयन लोकांनी, संगणकावर बसून, काही मिनिटांत एकेक संदेश इंग्रजीत आणण्याचे काम केले. गल्ल्यांची बोलीतील नावेही त्यांनाच ठाऊक होती. त्यामुळे ते भाषांतराबरोबर स्थळही सांगू शकले.

त्याच सुमारास यंत्राने भाषांतर करण्याचेही प्रयत्न झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठाने पूर्वीच्या एका प्रकल्पात जमविलेले वैद्यकीय संवादांचे क्रिओल साहित्य सर्वांस खुले केले, आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाच दिवसांच्या आत क्रिओलचा भाषांतरयंत्रणेत समावेश केला. अशा यंत्रणेस दोन भाषांतील समांतर मजकूर लागतो. २०११ साली यांत्रिक भाषांतराच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने ४६३६ वरील संदेशांवर आधारलेली चाचणी घेतली. तीत अभ्यासकांना जे समांतर साहित्य पुरविण्यात आले, त्यात वैद्यकीय वाक्ये, बातम्या, शब्दसंग्रह यांच्याबरोबर बायबलही होते. ज्यांनी वाक्यावाक्याने बायबल क्रिओलमध्ये आणले, त्यांच्या मनात ढिगाऱ्याखालील माणसाचा निरोप नव्हता. परंतु त्यांच्या श्रमाचा उपयोग असाही झाला.

या नव्या लिखित व्यवहारात भूकंपाला मात्र पुस्तकी नाव राहिले नाही. लोकांनी त्याला 'गूदूगूदू' म्हटले. जमीन हलताना जो आवाज झाला, त्याचे हे अनुकरण. गडगड, खडखड, धडधड अशा ध्वन्यनुकारी शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीच्या भाषकास त्याचे मर्म सांगावयास नको. 'गूदूगूदू' होते तेव्हा तू कोठे होतीस, असे विचारणारी परिचारिका आणि दुभाष्यामार्फत भूकंपाच्या वेळेची चौकशी करणारा वैद्य, हे दोघे एकच प्रश्न विचारीत असतात. उत्तरे मात्र वेगवेगळी मिळतात.

७

वरील विवेचनावरून चर्चचे साहाय्य सदैव हितकारकच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. भूकंपानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २९ जानेवारी २०१० रोजी, अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळींच्या दहा जणांच्या एका गटास हैतीच्या सरहद्दीवर अटक झाली. ते ३३ मुलांना अनाथ समजून डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत होते. त्यांतील अनेकांचे आईबाप जिवंत असल्याचे चौकशीत निघाले. हेतू दयेचा असेल. पण ज्या समाजात गरीब आईबाप शिक्षणाच्या आशेने मूल दुसऱ्याच्या घरी ठेवतात, त्या समाजाची रीत न जाणता दाखविलेली दया अपहरणाच्या जवळ जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलऱ्याची साथ उद्भवली. नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीतील मैला आर्तिबोनित नदीच्या उपनदीत मिसळल्याने ती आली, हे पुढे सिद्ध झाले. तिने सुमारे दहा हजार बळी घेतले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २०१६ साली हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. बाहेरून येणारा साहाय्यक स्वतःबरोबर काय आणतो, याचे त्याला स्वतःला नेहमीच भान असते असे नाही.

संस्था बांधून राहणाऱ्यांपुढेही संकटे थोडी नाहीत. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी गावच्या सेंट बोनिफेस या कॅथलिक चर्चने १९८३ साली दक्षिण हैतीतील फाँ-दे-ब्लाँ या खेड्याशी नाते जोडले. त्यातून जे रुग्णालय उभे राहिले, त्याने २०१० नंतर पाठीचा कणा दुखावलेल्या रुग्णांचे दीर्घकाळ पुनर्वसन केले. आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी दक्षिण हैतीत ७.२ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा जखमींना जवळचा आधार तेच होते. परंतु झान्मी लासान्तेने २०१३ साली मिर्बाले येथे सुरू केलेले तीनशे खाटांचे विद्यापीठ-रुग्णालय २०२५ साली सशस्त्र टोळ्यांच्या आक्रमणामुळे बंद करावे लागले. भूकंपास टिकेल असे रुग्णालय धर्मसंस्था किंवा दाते बांधू शकतात. राज्यसत्तेच्या अभावास टिकेल असे रुग्णालय त्यांना एकट्याने बांधता येत नाही. स्वातंत्र्याची किंमत म्हणून १८२५ साली फ्रान्सने लादलेल्या खंडणीपासून हैतीचे राज्य दुर्बल होत गेले. त्या दुर्बलतेची पोकळी चर्चनी भरली. पण ती पोकळीच राहिली, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

तथापि लेओगान आणि काँझ येथील अनुभवाचे तात्पर्य यामुळे बाधित होत नाही. आपत्तीच्या वैद्यकीय साहाय्याचा आरंभ आपत्तीच्या दिवशी होत नाही. २०१० च्या जानेवारीत लेओगानच्या आवारात ज्या विद्यार्थिनी जखमा बांधीत होत्या, त्यांच्या मागे पाच वर्षांचे महाविद्यालय, काही दशकांचे रुग्णालय, आणि १८६१ साली आप्तांना मूठमाती देऊनही मागे न फिरलेला एक धर्मगुरू होता. ४६३६ वर आलेली हाक वाचता आली, तिच्या मागे १९४० च्या सुमारास 'क', 'व' आणि 'य' यांवरून झालेले भांडण होते. हे भांडण ज्यांनी केले, त्या दोन्ही पक्षांना आपण भावी भूकंपाची तरतूद करीत आहोत याची कल्पना नव्हती. कोश, व्याकरण, लेखनपद्धती, बोलींचे संकलन ही आपल्या विभागाची नित्याची कामे पुष्कळांना निरुपद्रवी आणि निरुपयोगी वाटतात. ज्या बोलीचा शब्दसंग्रह अद्याप झालेला नाही, तिचा रुग्ण कोणत्याही रुग्णालयात अर्धा मुकाच असतो. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत अशा बोली आजही आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हे काम भूकंपाची वाट न पाहता करावयाचे आहे.